उंबऱ्याखालचं पाणी

कृष्णेला पूर येणं बंद झालं त्या वर्षीही राजमती चौगुलेनं माडीवरची खोली तयार ठेवली होती. आषाढ सरता सरता तिनं जादाची अंथरुणं उन्हात घातली, मोठी पातेली फळीवरून खाली काढली, ओले कपडे वाळत घालायला जिन्यापाशी नवी दोरी बांधली. श्रावण लागला. पाऊस झाला, नदी काठोकाठ भरून वाहिली आणि तशीच पुढं निघून गेली. खालून कुणी वर आलं नाही. तिचा नवरा आदगोंडा मुळात कमी बोलणारा माणूस. "औंदा पाहुणं न्हाईत," एवढंच म्हणाला आणि त्यानं पातेली परत फळीवर ठेवली.

चिंचमाळ हे गाव माळावर आणि कुरणवाड खाली नदीला लागून. कृष्णेचं पाणी चढलं की सगळं कुरणवाड गाठोडी, ट्रंका, म्हशी, कोंबड्या घेऊन वर चिंचमाळला यायचं. कोण कुणाच्या घरी उतरणार हे कधी कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण ते आजा-पणजापासून ठरल्यासारखं होतं. चौगुल्यांच्या माडीवर मणेरांचं बिऱ्हाड यायचं. दस्तगीर मणेर, त्याची बायको मेहरुन्निसा, लेक शमीम आणि बांगड्यांच्या पेट्या. मेहरुन्निसा गावोगाव बांगड्या भरायची. पाणी दाराशी आलं तरी आधी पेट्या बाहेर निघायच्या, मग धान्य.

राजमतीला मूलबाळ नव्हतं. आदगोंडा पहाटे शेतावर जायचा तो दिवेलागणीला परतायचा. एरवी वर्षभर त्या घरात भांड्याला भांडं लागत नसे, कारण लागायला दुसरं भांडंच नव्हतं. पण पुराचे दहा-बारा दिवस घर गजबजून जायचं. नागपंचमीच्या तोंडावर मेहरुन्निसा सोप्यात पेट्या उघडून बसली की चिंचमाळच्या निम्म्या बायका तिथं जमायच्या. राजमतीचा चातुर्मास असायचा. कांदा, लसूण, बटाटा नाही, अंधार पडायच्या आत जेवण. कुणी न सांगता मणेरांचंही त्या दिवसांत तसंच चालायचं. शमीम पहिलं पाऊल टाकायला शिकली ती त्या माडीवरच, राजमतीच्या पदराला धरून. राजमतीपेक्षा मेहरुन्निसा चार-पाच वर्षांनी लहान, तिला आक्का म्हणायची. दुपारी दोघी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून बोलत राहायच्या. वर्षाचं साठलेलं असायचं, ते बारा दिवसांत संपत नसे.

पश्चिमेकडं आभाळ काळं झालं की राजमती माळाच्या टोकाला जाऊन खालच्या वाटेकडं बघत उभी राहायची. ती कशाची वाट बघते हे तिनं स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

पूर कसा थांबला ते आता सांगायला हवं.

पाऊस फार झाला म्हणजे पूर येतो, असा सगळ्यांचा समज होता. जलशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी चाळल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे अर्धंच खरं आहे. कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा या सगळ्या सह्याद्रीतून निघतात आणि थोड्या थोड्या अंतरावर एकीला एक मिळतात. सगळ्यांचं चढतं पाणी एकाच वेळी संगमाशी पोचलं, की आधी आलेली नदी दुसरीला आत शिरू देत नाही. मग दुसरीचं पाणी मागं तुंबतं आणि शेतांत, गावांत पसरतं. लग्नाच्या मांडवातल्या सगळ्या पंगती एकदम उठल्या तर दारात जी गर्दी होईल, तीच संगमावर होत होती. माणसं कमी करायची गरज नव्हती. पंगती एकीमागून एक उठवायला हव्या होत्या.

त्यासाठी शास्त्रज्ञांनी नदीची एक जुळी बहीण तयार केली, संगणकातली. सह्याद्रीच्या उतारांवर, ओढ्याओढ्यांत मापक यंत्रं पुरली. माती किती भिजली, ती अजून किती पाणी पिईल, ओढा किती वेगानं धावतोय, हे सगळं ती क्षणाक्षणाला जुळ्या नदीला कळवत. खरी नदी आज जिथं असेल त्याच्या चार दिवस पुढं जुळी वाहत असे. चार दिवसांनी संगमावर दाटी होणार असं तिला दिसलं, की ती डोंगरातल्या हजारो ओढ्यांवर बसवलेले रबरी बांध फुगवायची. एका ओढ्यात थोपवलेलं पाणी म्हणजे काही नव्हे. पण हजारो ओढ्यांनी अर्धा दिवस थोडं थोडं पाणी धरून ठेवलं, की एक नदी मागं राहायची, तोवर दुसरी संगमावरून निघून जायची. मग बांधातली हवा सोडून द्यायची.

गावोगाव लोकांच्या तोंडी तो शब्द बसला. जुळी काय म्हणते, असं विचारूनच लोक पेरणीला, लग्नाला, प्रवासाला निघू लागले. जुळीनं कुणाचा जीव जाऊ दिला नाही, कुणाची म्हैस वाहू दिली नाही. तिच्याविरुद्ध बोलावं असं काही नव्हतंच. म्हणूनच राजमतीला जे वाटत होतं ते तिला कुणापाशी बोलता येईना.

कुरणवाड काही लांब नव्हतं. विजेवरची एसटी दिवसातून चार वेळा खाली जायची. पण कारणाशिवाय कोण कुणाकडं जातं? आधी फोन व्हायचे, मग सणाचे निरोप, मग तेही शमीमच्या मोबाइलवरून. आदगोंडा वारला तेव्हा मेहरुन्निसा आली, बायकांत बसली, राजमतीचा हात हातात धरला आणि शेवटच्या गाडीनं परत गेली. दोन वर्षांनी दस्तगीर गेला तेव्हा राजमती खाली जाऊन अंगणात बसून आली. दुःखाला जाणं झालं, दुःख बोलणं झालं नाही. शमीम मिरजेच्या दवाखान्यात नर्स झाली, तिथंच राहू लागली. आता वर राजमती एकटी आणि खाली मेहरुन्निसा एकटी.

मग कुरणवाडच्या मळीत पांढरं फुटू लागलं. मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, सोन्यासारखी. पूर्वी दर पुराला तिच्यावर नव्या गाळाचा थर बसायचा आणि साठलेलं पाणी ओसरताना जमिनीतले क्षार धुऊन न्यायचं. आता पूर नाही, गाळ नाही, उसाला वर्षभर पाणी मात्र चालू. जमिनीखालचे क्षार वर येऊन उन्हात मिठासारखे चमकू लागले. ऊस पिवळा पडला. शास्त्रज्ञांनी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकून दिल्या, पण क्षार विरघळून त्या नळ्यांत उतरायचे तर शेतावर आठ-दहा दिवस पाणी उभं राहायला हवं होतं. एवढं पाणी आणायचं कुठून? नदीशिवाय ते कुणाकडंच नव्हतं.

तेव्हा जुळीला उलटं काम सांगायचं ठरलं. दोन पंगती मुद्दाम थोडा वेळ एकत्र उठवायच्या, आणि हवं तेवढंच पाणी हवं तिथं चढू द्यायचं. लोकांनी त्याला नाव दिलं आवतणाचा पूर.

यात एक अडचण होती. जुळीला पाणी कुठल्या घराच्या कुठल्या पायरीपर्यंत येईल हे आधीच सांगता येत होतं. पूर्वी पूर कुणाला विचारून येत नव्हता, म्हणून त्याचा राग कुणावर धरता येत नव्हता. आता तो माणसानं आणलेला असणार होता. म्हणून कायदा झाला: ज्या घरात पाणी शिरणार, त्या घरानं आपल्या तोंडानं हो म्हटलं पाहिजे. एका जरी घरानं नाही म्हटलं तर पाणी त्या घराच्या उंबऱ्याखालीच थांबवायचं, आणि नाही का म्हणता, हे विचारायचा हक्क कुणाला नाही.

नदी नियमन केंद्राचा तरुण अभियंता श्रीधर बिरनाळे चिंचमाळला आला तो राजमतीकडंच. नदीवेशीची, म्हणजे कुरणवाडच्या नदीकडच्या टोकाची घरं सगळ्यांत सखल, तिथल्या माणसांना ओळखणारं कुणीतरी विचारायला जावं असं केंद्राचं म्हणणं होतं. तुम्ही जाल का, असं त्यानं विचारलं. तिचा पुतण्या सन्मती शेजारीच बसला होता. राजमतीची जमीन तोच कसत होता आणि तीही खाली मळीत, पांढरी पडलेली. त्यानं तिच्या आधीच हो म्हणून टाकलं.

राजमतीनं मान डोलावली. बिरनाळे गेल्यावर ती माडीवर गेली आणि बंद खोलीच्या खिडक्या उघडल्या. केरसुणी फिरवता फिरवता आपण गुणगुणतोय हे तिच्या ध्यानात आलं, तशी ती थांबली. पण मग पुन्हा झाडू लागली.

नदीवेशीतल्या लोकांनी तिला बसायला पाट दिले, चहा दिला. बहुतेकांची शेतं मळीत होती, त्यांना पाणी हवंच होतं. घर पुन्हा धुवावं लागेल म्हणून काहींचे चेहरे उतरले, पण हो म्हणाले. बिरनाळेनं दिलेल्या तळहाताएवढ्या यंत्रात ज्याचा त्याचा होकार त्याच्या आवाजात नोंदला जात होता. मणेरांचं घर राजमतीनं शेवटी ठेवलं होतं.

दारात उभी राहिल्यावर तिला कळलं की आपण या घराच्या आत कधीच आलेलो नाही. इतकी वर्षं ही माणसं तिच्याकडं आली, राहिली, जेवली. ती इथं आली ती एकदाच, तेही अंगणापर्यंत.

मेहरुन्निसा पुढं आली आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेली. घर लहान होतं, नीटनेटकं. भिंती निळ्या, खाली नवी फरशी. फळीवर बांगड्यांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या. मागच्या भिंतीवर रंगाच्या खालून जुन्या पुरांच्या रेषा पुसट दिसत होत्या, एक कमरेशी, एक छातीशी आणि एक छपराच्या जवळ. राजमती त्या रेषांकडं बघत राहिली. माडीवरून पूर बघताना तिला नुसती छपरं दिसायची. छपराखाली काय होतं ते तिनं बघितलं नव्हतं.

जेवून जा, असं मेहरुन्निसा म्हणाली. दिवस अजून वर होता. तिनं फडताळातून कागदात गुंडाळलेला एक संच काढला. तवा, पातेलं, ताट, वाटी, पळी. कागद पिवळा पडला होता, आत भांडी मात्र कोरी.

"तुझ्यासाठी वेगळी घेऊन ठेवलेली," ती म्हणाली. "पूर बंद झाला त्याच साली. म्हटलं, आता मला वर जायला कारण न्हाई, तर आक्का खाली येईल."

 राजमतीला एवढंच विचारता आलं, की बोलली का नाहीस. त्यावर मेहरुन्निसानं खांदे उडवले. आवतण दिल्याशिवाय यायची सवय आमची, तुझी नाही, असं काहीसं ती पुटपुटली आणि भाकरी थापायला बसली.

मुगाची आमटी, भाकरी, दोडक्याची भाजी, कशातच कांदा-लसूण नाही. राजमती जेवली. जेवण झाल्यावर तिनं ते यंत्र पुढ्यात ठेवलं, पण विचारायचं कसं ते तिला सुचेना. मेहरुन्निसानंच विचारलं.

"आक्का, खरं सांग. शेतासाठी आलीस का?"

"नाही."

"मग?"

"पाणी आलं की तू येशील म्हणून."

 मेहरुन्निसानं शांतपणे सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुला आमचा पूर आवडायचा. मला ठाऊक हुतं. आम्ही चिखलातनं वर चढून यायचो आणि तू दारात उभी असायचीस. तुझ्या तोंडावर जे दिसायचं ना, ते बघून माझं निम्मं दुःख जायचं. आणि निम्मं वाढायचं."

राजमतीनं मान खाली घातली.

मग मेहरुन्निसानं तिला सांगितलं ते इतक्या वर्षांत पायऱ्यांवर बसून कधी सांगितलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर परत यायचं ते कशात यायचं. सुरीनं भिंतींचा गाळ खरवडावा लागायचा. चुलीत मेलेले साप निघायचे. कुजलेल्या धान्याचा वास दिवाळीपर्यंत घरातून जात नसे. एका वर्षी शमीमला त्या ओलीनं असा ताप भरला की ती हातची जाते की काय असं झालं होतं. ते बारा दिवस तुझ्या घरात चांगले जायचे, ती म्हणाली, पण त्यांच्यामागचे महिने तुझ्या माडीवरून दिसत नव्हते. ही फरशी दस्तगीरनं जाण्याआधी बसवून घेतली होती. तिच्यावर तिला गाळ बघायचा नव्हता.

तिनं यंत्र हातात घेतलं आणि स्वच्छ आवाजात नाही म्हटलं. मग राजमतीकडं बघितलं.

"चालंल न्हवं?"

"चालेल," राजमती म्हणाली.

परतीच्या एसटीत तिला रडू आलं. आपल्याला इतकी वर्षं ज्याची ओढ लागली होती ते काय होतं, हेच तिला कळेनासं झालं होतं.

त्या एका नकारानं पुष्कळ बिघडलं. मणेरांचं घर नदीवेशीत सगळ्यांत खाली. त्याच्या उंबऱ्याखाली पाणी थांबवायचं तर ते मळीच्या जवळच्या भागातच पोचणार होतं. वरच्या अंगाची शेतं, त्यात राजमतीचीही, कोरडी राहणार होती. कुरणवाडात लोक मेहरुन्निसाशी बोलेनासे झाले. सन्मती दोन दिवस आपल्या घरी धुसफुसत होता. शेवटी त्यानं काकूसमोर बसून अगदी नरमाईनं समजावलं. म्हातारीचं घर केंद्र पुन्हा रंगवून देईल, फरशीही बदलून देईल. तुम्ही नुसतं आणखी एकदा जा. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत तर ती तुम्हाला नाही म्हणायची नाही.

ते खरं होतं, आणि राजमतीला ते त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं दुसऱ्यांदा शब्द टाकला असता तर मेहरुन्निसानं दार उघडं ठेवून पाणी आत घेतलं असतं, पेट्या उचलून वर माडीवर आली असती, आणि पुन्हा ते दहा-बारा दिवस आले असते. खोली झाडलेली होती. पातेली खाली काढलेली होती.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. "आपली जमीन पुढच्या खेपेला बघू."

"पुढच्या खेपेला तरी ती काय वेगळं म्हणणार आहे?"

"मग राहू दे पांढरी."

सन्मती उठून गेला. त्यानंतर तो बरेच दिवस तिच्या घरी चहाला आला नाही.

श्रावणात जुळीनं दिवस दिला. घरांत पाणी शिरणार नव्हतं, पण रस्ता बुडणार होता आणि नदीवेस आठ-दहा दिवस तुटणार होती. केंद्रानं हमरस्त्यालगत मोठा निवारा बांधला होता, खाटा, पंखे, सगळं होतं. बरेचजण मात्र पाहुण्यांकडं गेले. इतके दिवस आधी कळल्यावर ज्याला त्याला कुठं ना कुठं जाता आलं. चिंचमाळला वर कुणीच आलं नाही. शमीमनं आईला मिरजेला बोलावलं, पण मेहरुन्निसा हलायला तयार नव्हती. पाणी उंबऱ्याखाली राहील असा शब्द मिळालाय, मग मी घर का सोडू, असं तिचं म्हणणं. बिरनाळे तिला समजावून दमला.

रस्ता बंद व्हायच्या दिवशी सकाळच्या एसटीनं राजमती खाली गेली. तिच्याजवळ एक पिशवी होती, तीत दोन लुगडी, मुगाची डाळ आणि जपमाळ. मेहरुन्निसा दारात पेट्या पुसत बसली होती. तिनं वर बघितलं आणि काही क्षण तिला खरंच वाटेना.

"पूर यायचाय म्हणून आले," राजमती म्हणाली. "जागा आहे का?"

मेहरुन्निसा हसली, मग तिनं पदर तोंडाला लावला.

दुपारी पाणी दिसू लागलं. राजमतीनं जन्मात पुष्कळ पूर पाहिले होते, पण ते सगळे वरून. पाणी असं समोरून येताना तिनं बघितलं नव्हतं. त्याला आवाज नव्हता. आधी शेताच्या कडेची गवताची पाती हलली, मग बांध ओला झाला, मग बांध दिसेनासाच झाला. गल्लीच्या तोंडाशी एक तपकिरी जीभ आली, थांबली, बाजूच्या खड्ड्यात उतरली आणि खड्डा भरल्यावर पुन्हा पुढं सरकली. अंगणातली चूल बुडाली. लिंबाच्या झाडाचं आळं बुडालं. मग पाणी खालच्या पायरीला लागलं.

जुळीनं सांगितल्याप्रमाणं इथंच ते थांबायचं होतं. ते थांबलं नाही.

बिरनाळेचा फोन आला. घाटात अंदाजापेक्षा जास्त पाऊस झाला होता. जुळीनं जादा बांध फुगवायला घेतले होते, पण त्याचा परिणाम इथं पोचायला वेळ लागणार होता. होडी पाठवू का, असं त्यानं विचारलं. जुळीच्या हिशेबानं पाणी उंबऱ्याखालीच थांबेल, पण मी माझ्या आईला तिथं बसू दिलं नसतं, असंही तो म्हणाला. मेहरुन्निसानं त्याला थांब म्हणून सांगितलं.

दुसरी पायरी गेली.  राजमतीला उठावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. तिनं मेहरुन्निसाकडं बघितलं. ती एका पेटीला दोरी बांधत होती. बघायचीही गरज तिला नव्हती, डोळे पाण्यावर होते आणि हात आपोआप गाठी मारत होते. एक पेटी झाली, दुसरी झाली. मग तिनं पिठाचा डबा फळीवर चढवला, गादी गुंडाळून माळ्यावर टाकली. दरसाल हे सगळं करून, मगच ती माळ चढून राजमतीच्या दारात यायची.

"मेहरू," राजमती म्हणाली, "तुला दरवेळी असं भ्या वाटायचं?"

"दरवेळी."

"आणि मी दारात हसत उभी."

मेहरुन्निसानं गाठ मारता मारता हात थांबवला. ती येऊन राजमतीला लागून उंबऱ्यावर बसली आणि तिनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बांगड्या भरणाऱ्या बाईच्या सवयीनं तिनं मनगट दाबून बघितलं.

"किती वाळलाय गं हात तुझा," ती म्हणाली. "तू दारात असायचीस म्हणून तर मी चढून यायची. न्हाईतर त्या वाटेवर किती वेळा वाटलं, की जाऊ दे, इथंच बसावं."

पाणी तिसऱ्या, उंबऱ्यालगतच्या पायरीच्या कडेला येऊन तिथंच डुचमळू लागलं. कडेला साठलेला काडीकचरा पुढं येईना, मागंही जाईना. त्यावर बसलेला एक हिरवा नाकतोडा चालत चालत उंबऱ्यावर आला आणि घरात गेला. दोघी किती तरी वेळ त्या काडीकचऱ्याकडं बघत होत्या. ऊन तिरपं झालं, पाण्यावर पसरलं, तरी कचरा होता तिथंच होता.

मग मेहरुन्निसा उठली, पेट्यांच्या दोऱ्या सोडल्या आणि सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून राजमतीची वेगळी भांडी काढली.

पुढचे दिवस पाणी तसंच उभं होतं. केंद्राची चालकाशिवायची होडी सकाळी दूध आणि औषधं ठेवून जायची, तेवढीच काय ती ये-जा. दोघी उंबऱ्यात बसून बोलत राहिल्या. आदगोंडाबद्दल, दस्तगीरबद्दल, शमीमच्या लग्नाबद्दल.  राजमतीला आपल्या माडीची आठवण आली, पण तिथं कुणी यावं असं आता वाटलं नाही. एकदा मेहरुन्निसानं हिरव्या काचेच्या चार बांगड्या काढल्या आणि न विचारता तिचा हात पुढं ओढला. राजमतीनं हात मागं घेतला नाही.

मग पाणी उतरू लागलं. निचऱ्याच्या नळ्यांतून खारं पाणी नाल्यात पडू लागलं, बिरनाळे चाचणी घेऊन खूश होऊन गेला. जवळच्या शेतांवर मऊ गाळ बसला. वरच्या अंगाला राजमतीची जमीन मात्र पहिल्यासारखीच पांढरी होती. फरशीला पाण्याचा थेंबही लागला नव्हता. माणसं परतली, पुन्हा गल्लीत आवाज आले, आणि शेजारच्या बाईनं बऱ्याच दिवसांनी मेहरुन्निसाला हाक मारून साखर मागितली.

चांगलं ऊन पडलं. रस्त्यावरचा गाळ वाळून त्याला भेगा गेल्या. एसटी सुरू झाल्याचं कुणीतरी सांगून गेलं. राजमतीनं लुगडी घडी करून पिशवीत भरली, जपमाळ ठेवली आणि दारात येऊन बसली. मेहरुन्निसा तिच्यासमोर सुपात डाळ घेऊन बसली होती. 

"वाटंत चिखल हाय अजून," मेहरुन्निसा सुपाकडं बघतच म्हणाली. "घसरशील."

राजमतीनं रस्त्याकडं बघितलं. एक मोटारसायकल गेली आणि तिच्यामागं धूळ उडाली.

"हाय खरा," ती म्हणाली, आणि तिनं मेहरुन्निसाच्या पुढ्यातलं सूप आपल्याकडं ओढून घेतलं.